कोऱ्या भिंतीसाठी चित्र घेताना

घराला नवा रंग दिला की मोकळी भिंत डोळ्यांत भरू लागते. मग कुणीतरी सुचवतं, "एखादं मॉडर्न चित्र लावा ना!" आणि आपण दुकानात एका फ्रेमसमोर उभे राहतो. एकाच रंगाचा पट्टा, त्यात एखादी रेघ. यात काय एवढं, असा प्रश्न मनात येतोच. येऊ द्यावा.

निसर्गचित्राची छपाई थोडी चुकली तरी झाड झाडच राहतं. इथे झाड नाही, माणूस नाही. आहे तो रंग, त्याच्या कडा आणि पृष्ठभाग. करडा रंग किंचित हिरवट छापला गेला, की चित्रच गेलं! रशियन चित्रकार मालेविच यांचा १९१५ सालचा 'काळा चौकोन' घ्या. मूळ चित्र जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचं. त्याच्या काळ्या रंगाला आज बारीक भेगा गेल्या आहेत. विकत मिळणाऱ्या प्रतीत गुळगुळीत काळा चौकोन दिसला, तर तो बहुधा संगणकावर काढलेला असतो. तो घरीही काढता येईल; त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

आपल्या वासुदेव गायतोंडे यांची गोष्ट आणखी अवघड. नागपूरला जन्मलेल्या आणि जे. जे.त शिकलेल्या या चित्रकाराने रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवले, खरवडले. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींवर किंमत आली, तेव्हा आपल्या वाट्याला प्रतच येणार. पण ते थर कागदावर उतरत नाहीत, हे ओळखूनच ती घ्यावी. शिवाय आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. गायतोंडे २००१ साली गेले, म्हणून प्रत परवानगीने छापली आहे का, हे जरूर विचारावं. विक्रेता गडबडला, तर काय ते समजावं.

साधं पोस्टर आणि 'जिक्ले' यांत फरक आहे. जिक्ले म्हणजे टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईने, बहुधा सुती कागदावर काढलेली इंकजेट प्रत. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांना मात्र फार भुलू नये. प्रत मर्यादित असली, तरी ती प्रतच.

फ्रेमबद्दल माझा अनुभव सांगतो. हौसेने आणलेली एक प्रत मी जवळच्याच फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने काच थेट कागदावर बसवली. मीही काही बोललो नाही. दोन पावसाळे गेले आणि दमटपणाने कागद काचेला चिकटला. सोडवताना रंगाचा पापुद्राच निघाला. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट हवा, तोही आम्लविरहित. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, की भिंतीशी हवा खेळती राहते. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन, दोन्ही टाळा.

माझ्याकडची ती फ्रेम अजून आहे. सध्या तिच्यात कॅलेंडर लावलंय.