विधानसभेत ‘पास’ झालं म्हणजे लागू झालं का? अधिवेशनातला एक दिवस कसा चालतो, समजून घ्या

अधिवेशन सुरू झालं की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात. ‘कायदा पास झाला’, ‘तुकडेबंदी उठली’, ‘आता गुंठ्याची नोंद होणार’. सोबत मंत्र्यांच्या भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी एखादा शेतकरी कागदं घेऊन तालुक्याला जातो आणि दुय्यम निबंधक कार्यालयात त्याला उत्तर मिळतं, “आमच्याकडे अजून काही आलेलं नाही.” दिवस मोडतो, गाडीभाडं जातं. मेसेजवर विश्वास ठेवून इसार देऊन बसलेला असेल, तर पैसेही अडकतात.

यात खोटं कोणीच बोललेलं नसतं. मंत्र्यांनी घोषणा खरंच केलेली असते आणि कार्यालयात आदेश आलेला नसतो हेही खरं असतं. सभागृहातली घोषणा, संमत झालेलं विधेयक आणि लागू झालेला कायदा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात कधी काही दिवसांचं, कधी काही वर्षांचं अंतर असतं. हे अंतर कुठं पडतं, ते सभागृहाचा एक दिवस नीट पाहिला की कळतं.

सकाळ : प्रश्नोत्तराचा तास

महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत. विधानसभेत 288 आमदार, ते थेट लोकांनी निवडलेले. विधान परिषदेत 78 सदस्य. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, तर हिवाळी नागपुरात.

विधानसभेचं कामकाज एरवी सकाळी 11 च्या सुमारास सुरू होतं. पहिला तास प्रश्नोत्तराचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर आमदारांना उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं.

या प्रश्नांची एक ठरलेली भाषा आहे. ‘अमुक गावातील पाणीपुरवठा योजनेचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय?’ असा प्रश्न आणि त्यावर ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’ असं उत्तर. पुढच्या पोटप्रश्नाला बऱ्याचदा ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढंच. वाचायला रुक्ष वाटतं, पण सभागृहात दिलेलं उत्तर कायमचं नोंदीला राहतं. गावाच्या कामाबद्दल ‘अंशतः खरे आहे’ असं छापून आलं, तर सरकारने अडचण कागदावर मान्य केली असा त्याचा अर्थ. पुढच्या पाठपुराव्याला तो कागद उपयोगी पडतो.

प्रश्नोत्तराच्या तासात कायदा मात्र होत नाही.

त्यानंतर : लक्षवेधी आणि आश्वासनं

नंतर लक्षवेधी सूचना येतात. गारपीट, पीकविमा, एखादी दुर्घटना, बोगस बियाणं अशा तातडीच्या विषयाकडे आमदार मंत्र्यांचं लक्ष वेधतात. मंत्री निवेदन करतात, चर्चा होते. “चौकशी करू”, “महिनाभरात निर्णय घेऊ”, “संबंधितांवर कारवाई करू” ही वाक्यं इथलीच. टीव्हीवर आणि मोबाईलवर सगळ्यात जास्त दिसणारे व्हिडिओही याच वेळेतले.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द हवेत विरू नये म्हणून विधिमंडळाची आश्वासन समिती असते. दिलेलं आश्वासन पाळलं की नाही, याचा ती हिशोब मागते. पण आश्वासन म्हणजेही कायदा नव्हे.

दुपार : कॅमेरे कमी, काम जास्त

कायदा होतो तो पुढच्या टप्प्यात, कामकाजपत्रिकेवर ‘शासकीय विधेयके’ असं लिहिलेलं असतं तेव्हा. यावेळी बाकं बरीच रिकामी दिसतात. विधानसभा चालायला किमान एक दशांश, म्हणजे 29 सदस्य हजर असले तरी पुरतं. याला गणपूर्ती म्हणतात.

विधेयकाची तीन वाचनं होतात. पहिल्यात मंत्री विधेयक मांडतात, त्याला ‘पुरःस्थापना’ म्हणतात. दुसऱ्यात आधी विधेयकावर एकूण चर्चा होते, मग एकेक कलम मताला टाकलं जातं. आमदाराने दुरुस्ती सुचवली असेल तर तीही इथंच मताला येते. तिसऱ्या वाचनात पूर्ण विधेयक संमत करायचं की नाही, हे ठरतं.

मतदान बहुतेक वेळा आवाजी असतं. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असलेले ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असलेले ‘नाही’. होयचं बहुमत जाहीर झालं की विधेयक संमत. कोणी आग्रह धरला तर मतविभागणी होते, म्हणजे डोकी मोजली जातात. एरवी कोणत्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, याची नावानिशी नोंद राहत नाही. घोषणाबाजी सुरू असताना चर्चेशिवाय विधेयक संमत झाल्याचे प्रसंगही अनेकदा घडतात. गोंधळाची बातमी होते आणि त्याच गोंधळात संमत झालेलं कलम पुढं गावात लागू होतं.

‘पास’नंतरही तीन दारं

विधानसभेत संमत झालेलं विधेयक विधान परिषदेत जातं. अर्थविषयक विधेयक असेल तर परिषदेला ते 14 दिवसांत परत करावं लागतं. साध्या विधेयकाला परिषद काही महिने उशीर करू शकते, कायमचं अडवू शकत नाही. शेवटचा शब्द विधानसभेचाच.

दुसरं दार राज्यपालांचं. राज्यपाल संमती देतात, संमती रोखतात, फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींकडे पाठवतात. संमती मिळाली की विधेयकाचा अधिनियम होतो आणि तो राजपत्रात छापला जातो.

तिसरं दार बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ते कायद्याच्या पहिल्या कलमातच असतं. तिथं ‘तात्काळ अंमलात येईल’ असं लिहिलेलं असू शकतं किंवा ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून अंमलात येईल’ असं. दुसरा प्रकार असेल तर अधिसूचना निघेपर्यंत कायदा कपाटात. शिवाय बरेच तपशील ‘विहित करण्यात येईल’ असं म्हणून नियमांवर सोडलेले असतात. अर्ज कुठं करायचा, फी किती, मुदत किती, हे त्या नियमांत येतं. ते हातात येईपर्यंत तलाठी आणि निबंधक तरी काय करणार?

शक्ती विधेयक : दोन्ही सभागृहांत संमत, तरी लागू नाही

महिला आणि बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर 2020 मध्ये मांडलं गेलं. ते संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं. ‘शक्ती कायदा झाला’ असा गाजावाजा झाला. पण विषय केंद्राच्या फौजदारी कायद्यांशी जोडलेला असल्याने राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही. कायदा लागू झालाच नाही.

सरपंच कोणी निवडायचा? पाच वर्षांत तीनदा बदल

विधानभवनात हललेला कागद गावच्या चावडीपर्यंत कसा येतो, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सरपंचाची निवड.

2017 पर्यंत सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. 2017 मध्ये ग्रामपंचायत कायद्यात बदल करून सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अटही तेव्हाच आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनेक गावांनी पहिल्यांदा थेट सरपंच निवडला.

2020 मध्ये नव्या सरकारने ही पद्धत रद्द करायचं ठरवलं. त्यासाठी आधी अध्यादेशाचा प्रस्ताव गेला. राज्यपालांनी त्यावर सही केली नाही, विषय सभागृहात आणावा असं सुचवलं. मग फेब्रुवारी 2020 मध्ये विधेयक आणून थेट निवड बंद झाली. त्यामुळे जानेवारी 2021 च्या मोठ्या ग्रामपंचायत निवडणुकीत पुन्हा सदस्यांतून सरपंच झाले. सरकार बदललं आणि 2022 मध्ये पुन्हा थेट निवड आली. ऑगस्टच्या अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झालं.

दोन्ही पद्धतींना गावाने भोगलं आहे. सदस्यांतून निवड असली की निवडीआधी सदस्यांना ‘सहलीला’ नेण्याचे प्रकार होतात. थेट निवडीत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं, असं झालं की मासिक सभेत ठरावावरून ओढाताण. कोणती पद्धत चांगली, यावर मतभेद राहणारच. पण पाच वर्षांत गावकऱ्यांचा एक हक्क दिला गेला, काढला गेला, परत दिला गेला. आपल्या आमदाराने त्यावर काय भूमिका मांडली, हे फार थोड्या गावांनी विचारलं असेल.

अध्यादेश म्हणजे तात्पुरती सोय

अधिवेशन चालू नसताना घाई असेल तर सरकार राज्यपालांमार्फत अध्यादेश काढू शकतं. त्याचं बळ कायद्याइतकंच असतं, पण आयुष्य मोजकं. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. म्हणून अधिवेशनाच्या सुरुवातीला जुने अध्यादेश विधेयकाच्या रूपात मांडले जातात.

तुकडेबंदीचं उदाहरण ताजं आहे. मूळ कायदा 1947 चा. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत त्यात मोठी सवलत देण्याची घोषणा केली आणि ‘तुकडेबंदी रद्द’ असा मेसेज राज्यभर फिरला. प्रत्यक्षात त्यासाठीचा अध्यादेश काही महिन्यांनी आला. त्यातही सगळ्या शेतजमिनीला सरसकट सूट नव्हती. भर होता तो शहरी हद्दीतल्या आणि आराखड्यात बिगरशेती वापरासाठी ठरलेल्या जमिनींवर. म्हणून गुंठ्याचा व्यवहार करण्याआधी आपला गट नंबर त्या सवलतीत बसतो का, हे लेखी विचारून घ्यावं. व्हिडिओ दाखवून दस्त नोंदत नाही.

लोकांचं म्हणणं ऐकलं जातं का?

कधी कधी जातं. वादाचं विधेयक संयुक्त समितीकडे पाठवता येतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात मांडून असंच समितीकडे गेलं. त्यावर 12 हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. सरकारचं म्हणणं होतं की हा कायदा नक्षलवादी संघटनांसाठी आहे. आंदोलन करणाऱ्या साध्या माणसावरही तो वापरला जाईल, अशी विरोधकांची आणि अनेक संघटनांची भीती होती. समितीनंतर काही शब्द बदलले. ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्याऐवजी कडव्या डाव्या आणि तशा संघटनांवर रोख आला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्याची तरतूद झाली. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी परिषदेने ते संमत केलं.

विरोध करणाऱ्यांचं समाधान झालं नाही, हे खरं. पण लोकांनी लिहून पाठवल्यावर छापलेलं कलम बदलू शकतं, हेही त्यातून दिसलं.

गावाने काय करावं?

- निवेदन वेळेत द्यावं. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन दिलं तर प्रश्नाची वेळ गेलेली असते. तेव्हा लक्षवेधीची मागणी करावी.

- निवेदन नेमकं असावं. ‘रस्ता करा’ यापेक्षा कामाचं नाव, मंजुरीची तारीख, रक्कम आणि थांबल्याचं कारण दिलं तर त्याचा सरळ प्रश्न होतो. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं.

- विधेयक शेवटून वाचावं. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. कायदा का आणला, हे तिथं कमी शब्दांत कळतं. विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. कामकाजाचं थेट प्रक्षेपणही मोबाईलवर दिसतं.

- मेसेज आला की चार प्रश्न विचारावेत. ही घोषणा आहे, विधेयक आहे, अध्यादेश आहे की अधिनियम? दोन्ही सभागृहांत संमत झालं का? राजपत्रात आलं का? कोणत्या तारखेपासून लागू? उत्तर मिळेपर्यंत इसार देऊ नये, व्यवहार करू नये.

- आमदारांना एक प्रश्न जरूर विचारावा. अधिवेशनानंतर ते गावात येतात तेव्हा “निधी किती आणला?” हे सगळेच विचारतात. “कोणत्या विधेयकावर बोललात आणि काय बोललात?” हेही कोणीतरी विचारायला हवं. सरपंच कसा निवडायचा आणि गुंठा विकता येतो की नाही, हे ठरतं ते दुपारच्या त्या रिकाम्या बाकांवरच.