दार आहे, तट नाही
वाडीहून अमरावती रोडने आपण शहरात आलो, महालात गांधी गेटपाशी थांबलो. जुना जुम्मा दरवाजा तो हाच. तट आज दिसत नाही, दार तेवढं उभं. मग आपण आत शिरतोय की बाहेर पडतोय? तत्त्वज्ञानवाल्यांना असले प्रश्न पडायचेच! सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले हरले, १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं. तर्रीपोहे खाताना ते कोणाला आठवतं? सावजी रस्सा तर हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला. त्यांचे हातमाग बहुतेक थांबले, सावजीच्या पाट्या मात्र गावभर लागल्या. राजाचा वाडा आपण दाखवतो. मागाची खोली कोण दाखवणार? म्हणून जेवणाआधी आपण गोळीबार चौकाकडच्या गल्ल्यांतून पायीच जाऊ.