क्रोमबुकला ‘व्हीपीएन’ची जोड देताना...

मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वाय-फाय सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत ही सोय देशातील हजारो रेल्वे स्थानकांवर पोहोचली. आता उपाहारगृहे, वसतिगृहे, विमानतळ, रुग्णालयांचे प्रतीक्षाकक्ष अशा सर्वच ठिकाणी परक्याच्या वाय-फायवर काम करणे शहरी जीवनाचा भाग झाले आहे. ज्यांच्या हाती क्रोमबुक आहे, त्यांना हा प्रश्न अधिक जवळचा. गुगलच्या ‘क्रोम ओएस’ प्रणालीवर चालणारे हे हलके लॅपटॉप जून २०११ मध्ये प्रथम बाजारात आले. त्यांवरील बहुतेक काम ब्राउझरमधूनच, म्हणजे इंटरनेटवरूनच चालते. साहजिकच ‘व्हीपीएन बसवून घ्या’ हा सल्ला क्रोमबुकधारकाला हमखास मिळतो. मात्र व्हीपीएन नेमके काय झाकते आणि काय झाकत नाही, हे समजून न घेता ते बसवल्यास सुरक्षिततेऐवजी सुरक्षिततेचा भासच पदरी पडण्याची शक्यता असते.

पाकिटात पाकीट

व्हीपीएन म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’. त्याचे कार्य टपालाच्या उदाहरणाने चटकन उमगते. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याआरंभी ‘एचटीटीपीएस’ असते, तेथे जाणारा मजकूर आधीच बंद पाकिटातून जातो. बँकेच्या संकेतस्थळावर टाइप केलेला पासवर्ड उपाहारगृहाच्या वाय-फाय चालकाला वाचता येत नाही. परंतु पाकिटावरील पत्ता, म्हणजे ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर गेला, ही माहिती वाय-फाय चालकाला आणि इंटरनेट सेवा कंपनीला सहसा कळू शकते. व्हीपीएन हे पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून आपल्या सर्व्हरकडे पाठवते. वाटेतल्यांना केवळ त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो आणि पलीकडील संकेतस्थळालाही ग्राहकाच्या नव्हे, तर सर्व्हरच्याच पत्त्यावरून विनंती आल्याचे दिसते.

मात्र बाहेरचे पाकीट उघडून आतील पत्ता वाचणारा कोणीतरी असतोच, आणि तो म्हणजे स्वतः व्हीपीएन कंपनी. थोडक्यात, व्हीपीएनमुळे पाळत ठेवण्याची क्षमता नाहीशी होत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. गुगल वा फेसबुकच्या खात्यात प्रवेश करून केलेले काम त्या कंपन्यांपासून लपत नाही, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

तीन मार्ग, तीन व्याप्ती

क्रोमबुकवर व्हीपीएन तीन प्रकारे बसवता येते. पहिला मार्ग ब्राउझरच्या ‘एक्स्टेन्शन’चा. तो सर्वांत सोपा असला तरी त्याचा पल्ला मुख्यतः ब्राउझरपुरता असतो. त्याच यंत्रावरील अँड्रॉइड अ‍ॅप्स किंवा लिनक्स प्रोग्रॅम यांची वाहतूक त्यातून जाईलच, अशी खात्री देता येत नाही. शिवाय अनेक एक्स्टेन्शन सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. ती देण्यापूर्वी दोनदा विचार करणे इष्ट.

दुसरा मार्ग प्ले स्टोअरवरील अँड्रॉइड अ‍ॅपचा. अलीकडच्या क्रोम ओएसमध्ये अशा अ‍ॅपमधून ब्राउझरसह संपूर्ण यंत्राची वाहतूक जाते. घरगुती ग्राहकासाठी हाच मार्ग बहुधा सोयीचा ठरतो.

तिसरा मार्ग प्रणालीतच अंतर्भूत असलेल्या व्हीपीएनचा. कार्यालयाने किंवा सेवा कंपनीने सर्व्हरचा तपशील दिला असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क’ विभागात ‘अ‍ॅड कनेक्शन’ व त्यानंतर ‘अ‍ॅड बिल्ट-इन व्हीपीएन’ हा पर्याय निवडून तो भरता येतो. तेथे आयकेईव्ही२, एल२टीपी, ओपनव्हीपीएन व वायरगार्ड या पद्धती उपलब्ध असतात. वायरगार्ड ही त्यांतील नवी व आटोपशीर पद्धत असून २०२० मध्ये तिचा समावेश लिनक्सच्या गाभ्यातच करण्यात आला. वायरगार्डमध्ये कोणती वाहतूक व्हीपीएनमधून न्यावयाची, हे ‘अलाउड आयपीज’ या रकान्यावरून ठरते. तेथे अर्धवट मूल्य भरल्यास उरलेली वाहतूक बाहेरूनच जाते. म्हणून कंपनीने दिलेला तपशील जसाच्या तसा भरावा.

शाळेने वा कार्यालयाने दिलेल्या क्रोमबुकवर यांपैकी काही मार्ग प्रशासकाने बंद ठेवलेले असू शकतात. तेथे पळवाट शोधण्यापेक्षा संबंधितांना विचारणेच योग्य.

फुकट सेवेची किंमत

निवडीचा खरा कस कंपनीबाबत लागतो. ऑस्ट्रेलियातील ‘सीएसआयआरओ’ व अन्य संस्थांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये व्हीपीएन परवानगी मागणारी २८३ अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. त्यांतील १८ टक्के अ‍ॅप्स वाहतूक सांकेतिक रूपात बदलतच नव्हती, तर ३८ टक्क्यांमध्ये घातक वा संशयास्पद संगणकीय घटकांच्या खुणा आढळल्या. फेसबुकच्या मालकीच्या ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ या मोफत व्हीपीएनचे उदाहरणही बोलके आहे. माहितीचे रक्षण करणारे म्हणून या अ‍ॅपची जाहिरात होत असे, मात्र त्यातून गोळा झालेली माहिती मूळ कंपनीच्या व्यावसायिक उपयोगासाठी वापरली जात होती. या प्रकरणी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

त्यामुळे सेवा घेताना कंपनीचे उत्पन्न कोठून येते, वापराच्या नोंदी ती ठेवते काय आणि तिच्या दाव्यांची त्रयस्थ संस्थेकडून तपासणी झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे सापडत नसतील, तर तेच पुरेसे उत्तर समजावे.

भारतीय ग्राहकाला कायद्याचीही जाण हवी. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आदी माहिती किमान पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळण्यात आले. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन व प्रोटॉन यांनी भारतातील आपले प्रत्यक्ष सर्व्हर हटवले. देशात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही, तथापि जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती बंदी घातलेली आहे.

खात्री कशी करावी?

जोडणी झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात, जाळ्याच्या खुणेपाशी किल्लीचे चिन्ह दिसते. ही खूण अ‍ॅप व अंतर्भूत व्हीपीएनसाठी आहे, एक्स्टेन्शनसाठी तिच्यावर विसंबू नये. तेवढ्यावर न थांबता, आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ जोडणीपूर्वी व जोडणीनंतर उघडून पाहावे. पत्ता बदलला नसेल, तर व्हीपीएन कार्यरत नाही. हीच चाचणी एखाद्या अँड्रॉइड अ‍ॅपमधूनही करावी, म्हणजे संरक्षण केवळ ब्राउझरपुरते आहे की संपूर्ण यंत्राला, याचा उलगडा होतो. लॅपटॉप झोपेतून जागा झाल्यावर किंवा वाय-फाय बदलल्यावर जोडणी टिकली आहे काय, हेही पाहावे.

घरच्या वाय-फायवर ‘एचटीटीपीएस’ संकेतस्थळे वापरणाऱ्या अनेकांना व्हीपीएनवाचून फारसे अडत नाही. ज्यांना ते घ्यावयाचे आहे, त्यांनी मात्र एवढे जाणावे की, उपाहारगृहाचा वाय-फाय तासाभराने सुटतो. व्हीपीएन कंपनीशी जुळलेले नाते वर्षभर चालते. चौकशी अधिक कोणाची करावी, हे त्यावरूनच ठरते.