पोरगं वाचनालयात बसलंय, पण त्याच्याकडे लक्ष कोणाचं?

गडचिरोली/चंद्रपूर : जुलैत रोवणा लागला की घरचे सगळे सकाळीच बांधीत जातात. त्याआधी उन्हाळाभर मोहफुलं आणि तेंदूपत्ता असतोच. निघताना आई पोराला सांगून जाते, "शाळा नसली की वाचनालयात बस, इकडेतिकडे फिरू नको." सांगणं बरोबरच आहे. सावली, पंखा आणि मोठ्या माणसांची ये-जा असलेली जागा गावात बहुतेक तेवढीच असते. आई धरून चालते की तिथं कोणीतरी बघेल. वाचनालय सांभाळणारा धरून चालतो की पोराकडे घरच्यांचं लक्ष असेल. मधले चार-पाच तास पोराकडे कोणाचंच लक्ष नसतं.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात वाचनालयं वाढली, ही चांगलीच गोष्ट. गडचिरोली पोलिसांनी दादालोरा खिडकीच्या माध्यमातून 'एक गाव, एक वाचनालय' हा उपक्रम दुर्गम गावांपर्यंत नेला. पण अशा ठिकाणी गर्दी असते ती पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांची. म्हणजे एकाच खोलीत चित्रांची पुस्तकं चाळणारी नऊ वर्षांची मुलगी असते आणि चोवीस वर्षांचा अनोळखी उमेदवारही असतो, कधी बाजूच्या गावचा. यातली बहुतेक पोरं मोठ्या भावासारखीच वागतात, उगाच कोणावर संशय घ्यायचं कारण नाही. पण नियम केला म्हणजे कोणावर आरोप केला, असंही नाही. दाराला कडी लावतो तेव्हा आपण शेजाऱ्याला चोर म्हणत नाही.

शाळेच्या बाबतीत थोडंफार ठरलेलं आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती याबाबत सूचना दिल्या. त्या शाळांसाठी होत्या. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याचा भर ग्रंथालयाची मान्यता, वर्ग, अनुदान आणि नोंदी यांवर. गावातला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काही तास येतो, पुस्तकं देतो-घेतो, रजिस्टर लिहितो. वीस पोरं सांभाळणं हे त्याचं काम म्हणून कोणी सांगितलेलं नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही अन्यायाचं आहे. वाचनालय म्हणजे अंगणवाडी नव्हे.

अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत दाराशीच लिहिलेलं असतं की अमुक वयाखालच्या मुलासोबत मोठं माणूस हवं. वय ग्रंथालयागणिक वेगळं असतं. बंद व्हायच्या वेळी मूल एकटं राहिलं तर कर्मचाऱ्यांनी काय करायचं, हेही ठरलेलं असतं. आपल्याकडे आई-बाप मजुरीवर असताना "सोबत मोठं माणूस हवं" हा नियम तसाच लावला, तर पोरं वाचनालयाबाहेरच राहतील. म्हणून आपल्याला आपला नियम बसवावा लागेल.

सुरुवात एका वहीपासून होऊ शकते. मुलाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, न्यायला कोण येणार आणि घरच्यांचा मोबाईल नंबर. ही वही भरायला आठवी-नववीची मुलगीही पुरते, पण ती रोज बघणारं एक मोठं माणूस नावानिशी ठरलेलं हवं. बचत गटातल्या बाया आळीपाळीनं दुपारी तासभर येऊन बसल्या तर सगळ्यात उत्तम. लहान मुलांची सतरंजी दाराजवळ, सगळ्यांना दिसेल अशी. मुलं आत असताना दार उघडं. आतल्या खोलीत किंवा पुस्तकांच्या गोडाऊनमध्ये एकट्या मुलाला कोणी नेऊ नये, अगदी ओळखीच्यानेही. मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह जवळ आहे का, हे आधी बघावं. मोबाईलचंही ठरवावं, कारण वायफाय आलं की पुस्तक बाजूला राहतं आणि मोठ्यांच्या मोबाईलमध्ये लहानांची डोकी घुसतात.

आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न म्हणजे घरी परतायची वेळ. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर परिसरात २०२२ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात मुलं दगावली. तिथं वस्ती दाट आहे, तरी हे झालं. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावलीकडच्या गावांना वेगळं सांगायची गरज नाही. मुलांना दिवस मावळायच्या बऱ्याच आधी सोडावं. थंडीत अंधार लवकर पडतो, मग उन्हाळ्याचंच वेळापत्रक का चालवायचं? एकेकटं न सोडता टोळीनं सोडावं, सोबत मोठं माणूस द्यावं. वाघ-बिबट दिसल्याची खबर आली तर पोरांना आतच थांबवून वनविभागाच्या १९२६ या नंबरवर आणि गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला कळवावं. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या टोल्यावरची मुलं वहीत वेगळी लिहावीत. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिंतीशी महिनोन्महिने पडू देऊ नयेत, तिथं साप बसतो. चावलाच तर झाडफूक नाही, आवळून बांधणं नाही. १०८ ला फोन करून सरळ दवाखाना.

कोणी मुलाशी वाईट वागल्याचं कळलं तर? इथं गावं चुकतात. "गावातच मिटवू, पोरीची बदनामी नको" असं म्हणून बैठक बसते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगी असो की मुलगा. गुन्हा झाल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा गोळा करत बसायची गरज नाही, ते पोलिसांचं काम. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा असंही कायदा सांगतो. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास मोफत चालतो, ११२ आहेच. मुलाचं नाव, फोटो, घर ओळखू येईल असं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तोही गुन्हाच आहे.

हे सगळं ठरवायला नवी समिती लागत नाही. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे, तिला हे काम द्यावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यास गटात चर्चा करून मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेण्याची पद्धत बसवली आहे. वाचनालयाचा नियमही तसाच बसावा. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनाही त्या चर्चेत बसवा, कारण दिवसभर तिथं तेच असतात आणि नियम पाळायचाय तोही त्यांनाच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायतीला आधीच लेखी अर्ज द्या. ठराव झाला की तो आणि १०९८, ११२, १०८, १९२६ हे चार नंबर वाचनालयाच्या दारावर, लहान पोराच्या नजरेच्या उंचीवर लावा. मराठीत लावा, आणि भामरागड-एटापल्लीकडे माडियात पोरांना वाचूनही दाखवा.