कान दुखायचा थांबला, पण वाहू लागला

पावसाळ्यात वस्तीत सर्दी-खोकला घरोघर फिरतो आणि त्याच्या मागोमाग लहान मुलांचे कान ठणकू लागतात. मूल रात्रभर रडतं, कान ओढतं, अंग तापतं. पहाटे उशीवर पिवळट पू दिसतो आणि मूल शांत झोपतं. घरची माणसं म्हणतात, ‘फुटला एकदाचा, आता बरं वाटेल.’ चूक होते ती इथंच.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा संसर्ग सहज कानात पोचतो. पडद्यामागे पू साचतो, ताण वाढतो, ठणका लागतो. पडदा फाटला की ताण जातो आणि दुखणं थांबतं. आजार मात्र आतच असतो. बहुतेकदा हे छिद्र काही आठवड्यांत भरून येतं. दुर्लक्ष झालं तर कान वर्षानुवर्षं वाहतो आणि ऐकू कमी येतं. असं मूल वर्गात बाईंचं बोलणं निम्मंच ऐकतं आणि त्याच्यावर ‘ढ’ म्हणून शिक्का बसतो. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा संदेश आपल्या घराघरांत आहे. मग मुलाला नीट ऐकू येतं का, हेही बघायला नको का?

कानात लसणाचं तेल, दूध किंवा घरात उरलेले जुने ड्रॉप्स घालू नका. काडी, पिन नको. रस्त्यावर मळ काढणाराही नको. वाहणारा कान स्वच्छ सुती कापडाच्या वातीने टिपा, अंघोळीचं पाणी आत जाऊ देऊ नका.

कान वाहू लागला की एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तापलं असेल तर त्याच दिवशी. कानामागे सूज आली, तोंड वाकडं झालं, मान ताठली, चक्कर, उलट्या किंवा गुंगी आली, तर रात्र असली तरी सरकारी रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांहून जास्त वाहिला किंवा घाण वास आला, तर कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची तपासणीही करून घ्या. दिलेलं औषध अर्ध्यावर सोडू नका.

खाडा पडतो, मजुरी बुडते, हे खरं आहे. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, तेव्हा तिथंच मुलाचा कान दाखवता येतो. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा. आणि तान्ह्याला दूध पाजताना सपाट झोपवू नका, डोकं थोडं वर धरा. घरात विडी-सिगारेटचा धूर तर नकोच.