थकव्यावर चरकाची बोरं

रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या वावरांत पावसाळाभर निंदण चालतं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी येते आणि तिच्या मागोमाग कापसाची वेचणी. ही कामं करणाऱ्या बाया महिनोन् महिने ‘अंगात जीवच नाही’ म्हणत राहतात. मग कुणीतरी शक्तीची बाटली आणतं, हल्ली अश्वगंधाच्या गोळ्या. ही घाई आयुर्वेदालाही धरून नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, द्रव्यांचे दहा-दहाचे ५० गट दिले आहेत. त्यातला एक गट श्रम घालवणारा. त्यात काय आहे? द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठेसाळीचा तांदूळ. सगळं खाण्यातलं! अश्वगंधा इथे नाही, ती बळ देणाऱ्या वेगळ्या गटात आहे. कष्टाने दमलेल्या शरीराला आधी अन्न हवं, हे मला या यादीतून सरळ दिसतं. आणि बोरी तर आपल्या धुऱ्यांवरच उभ्या असतात.

पण रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा वेगळा. ओठ-नखं फिकी, चार पावलं चढली की धाप, छातीत धडधड. चरकाने चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात याला पांडुरोग म्हटलं आणि पाच प्रकार सांगितले. पाचवा माती खाण्यातून होणारा. रक्तात लोह कमी पडलं की माती खाण्याची ओढ लागते, हे आजचे डॉक्टरही जाणतात, आणि मातीतून पोटात जाणारे जंत लोहाची तूट आणखी वाढवतात. याच अध्यायातल्या नवायस चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक यांच्यासोबत लोह आहे. त्रिफळ्यातल्या आवळ्यासारखी आंबट फळं अन्नातलं लोह शोषायला मदत करतात, हे आता ठाऊक आहे. अशी लोहकल्पं मात्र जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! अशा बाईला नुसती अश्वगंधा देत राहणं म्हणजे मूळ दुखणं झाकून ठेवणं. अश्वगंधाने ताण आणि झोपेत काहींना फरक पडल्याचं लहान अभ्यासांत दिसलं आहे, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणी ती टाळावी, आणि थायरॉइडची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

थकवा दोन-तीन आठवडे हटला नाही, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. बाई गरोदर नसेल तर १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. ते ठीक निघालं तर थायरॉइड आणि साखर पाहावी. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी टाळू नये. लोहाची गोळी सुरू झाली, तर तिच्या आगेमागे तासभर चहा नको.