बिलातले दोन रुपये आणि दात्याचे नाव

मोबाईलवरून जेवण मागवले, सिनेमाचे तिकीट काढले किंवा मॉलमध्ये सामान घेऊन काउंटरवर उभे राहिले, की बिलाच्या शेवटी अनेकदा एक छोटी ओळ दिसते. गरीब मुलांच्या जेवणासाठी दोन रुपये, एखाद्या मुलीच्या शिक्षणासाठी पाच रुपये. आपण घाईत असतो, रक्कम किरकोळ असते आणि मागे रांग असते. आपण ‘हो’ म्हणतो. काही महिन्यांनी एखाद्या वस्तीत वह्या-दप्तरांचे वाटप होते. मागे कंपनीचा बॅनर असतो आणि पुढे मुलांना रांगेत उभे करून फोटो काढला जातो.

ती वस्ती पुष्कळदा आपली असते. दोन रुपये देणाऱ्यांतही आपली मुले-मुली असतात. नोकरी करणारा बौद्ध तरुण आज मोठा ग्राहक आहे. म्हणजे देणारे आपण, घेणारेही आपण आणि दाता म्हणून नाव तिसऱ्याचे. दुकानदारी आणि दान यांची ही जोडणी कशी चालते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. तिच्यात वाईट आहे तसेच शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

सुरुवात एका पुतळ्यापासून

१९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी एक मोहीम काढली. ग्राहकाने कार्ड वापरले की दर वेळी एक सेंट आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर कंपनी त्या कामाला देणार होती. तीन महिन्यांत सुमारे १७ लाख डॉलर जमले. याच काळात कार्डाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी वाढला, आणि कंपनीने या मोहिमेच्या जाहिरातीवर सुमारे ४० लाख डॉलर खर्च केले, म्हणजे देणगीच्या दुपटीहून जास्त. दान आणि विक्री एकाच गाडीला जुंपता येतात, हे सगळ्या व्यापारी जगाला तेव्हा कळले.

भारतात प्रॉक्टर अँड गॅम्बलने २००५ साली ‘शिक्षा’ हा उपक्रम सुरू केला. साबण-शाम्पू घ्या, विक्रीतला काही भाग मुलांच्या शिक्षणाला जाईल, असे त्याचे स्वरूप होते. क्लासमेट वह्यांच्या मागे चार वह्यांमागे एक रुपया सामाजिक कामाला जातो, हा मजकूर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचला असेल. एक वही ५० रुपयांची धरली तर २०० रुपयांच्या खरेदीत एक रुपया, म्हणजे अर्धा टक्का. रुपया खरा असतो, पण तो किती मोठा दिसतो आणि प्रत्यक्षात किती असतो, हे पाहायची सवय लावून घ्यावी.

ग्राहकाला सामील करून घेण्याच्या पद्धती

पहिली पद्धत बिलावरच्या देणगीची. बिल ४९७ झाले तर ५०० करा, वरचे तीन रुपये अमुक संस्थेला. इथे सगळे पैसे ग्राहकाचे असतात. दुकान फक्त गोळा करते. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अशा ७७ मोठ्या मोहिमांतून ७४.९ कोटी डॉलर जमले. थेंबाथेंबाने किती साचते, हे यावरून दिसते.

दुसरी पद्धत विक्रीतल्या वाट्याची. ग्राहक नेहमीची किंमत देतो आणि कंपनी त्यातला ठरावीक भाग बाजूला काढते. इथे पैसे कंपनीचे असतात, पण विक्री वाढली तर फायदाही तिचाच.

तिसरी पद्धत वस्तूंची. ग्राहक जुने कपडे दुकानात आणून देतो. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर ही दुकानांची साखळी २००८ पासून ऑक्सफॅम या संस्थेसाठी असे कपडे घेऊ लागली.

चौथी पद्धत काउंटरवरच्या डब्याची. सर्वांत जुनी, आणि हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत कच्ची. डबा कोणी उघडला, किती निघाले, हे टाकणाऱ्याला सहसा कळत नाही.

पुरवठादाराची न दिसणारी बाजू

ग्राहकाला निदान विचारले तरी जाते. पुरवठादाराचे काम पडद्यामागे चालते. मोठी दुकाने आपल्या वितरकांना सांगतात की या महिन्यात तुमच्या मालावर देणगीची योजना आहे, अर्धा वाटा तुम्ही उचला. कधी ती रक्कम थेट बिलातून वळती होते, कधी क्रेडिट नोट मागितली जाते, कधी कार्यक्रमाचे प्रायोजक व्हायला सांगितले जाते.

मोठ्या कंपनीला हे परवडते. पण कापडी पिशव्या शिवणारा बचत गट, मसाले-पापड पुरवणारे घरगुती युनिट किंवा चामड्याच्या वस्तू बनवणारा छोटा कारागीर यांना ‘नाही’ म्हणता येते का? नाही म्हटले तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती असते. मग तो नफा कमी करतो, किंवा त्याच्याकडे काम करणाऱ्या बाईची मजुरी कमी होते. दान दुकानाच्या नावावर जमा होते आणि भार सर्वांत खालच्या हातावर पडतो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. करारात कितीही मुदत लिहिली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. तेव्हा एखादे दुकान ‘आमचे पुरवठादारही या पुण्यकर्मात सहभागी आहेत’ असे सांगत असेल, तर आधी विचारावे: त्यांची थकलेली बिले दिलीत का?

कायद्यात काय आहे

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. हा पैसा कंपनीच्या नफ्यातला असतो. आपण बिलावर दिलेले दोन रुपये कंपनीचा नफा नव्हेत. म्हणून ग्राहकांकडून जमलेली रक्कम आणि कंपनीने स्वतः दिलेली रक्कम वेगवेगळी दाखवा, अशी मागणी करणे योग्यच आहे. शिवाय आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असे नियम स्पष्ट सांगतात.

ग्राहकाला न विचारता देणगी बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ऑनलाइन खरेदी करताना संमतीशिवाय वस्तू, सेवा किंवा देणगी बिलात सरकवणे, याला त्यात ‘बास्केट स्नीकिंग’ म्हटले आहे. देणगी नाकारणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये बटणावर लिहिणे हेसुद्धा अनुचित मानले आहे. चौकटीत आधीच बरोबरची खूण असेल तर ती काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ‘नाही’ म्हणण्यात कंजूषपणा नाही. ज्या देण्यात नकाराला जागा नाही ते दान नसून वसुली असते.

आपल्यालाही नियम लागू आहेत. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या मंडळाने सामाजिक किंवा धार्मिक कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावे लागते. जयंती मंडळांना हे ठाऊक असते, पण पाळणारी मंडळे कमी. आणि सीएसआरचा पैसा हवा असेल तर संस्थेकडे १२ ए, ८० जी आणि सीएसआर-१ या नोंदण्या लागतात. वस्तीतल्या अभ्यासिकेकडे त्या क्वचितच असतात. म्हणून तिच्यासाठी कोपऱ्यावरचे दुकान मोठ्या कंपनीपेक्षा जवळचे ठरते.

धम्माची कसोटी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर प्रसिद्ध निबंध लिहिला. दिलेली वस्तू घेणाऱ्यावर बंधन टाकते, आणि परतफेड करता न येणारा माणूस देणाऱ्याच्या खाली जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. फोटोसाठी रांगेत उभ्या केलेल्या मुलाला हे पुस्तक न वाचताही कळते.

बुद्धांनी दानाबरोबर दात्याच्या कमाईचाही विचार केला. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगताना स्वतःला आणि दुसऱ्याला इजा न करता द्यावे, हेही सांगितले आहे. बिअर बारच्या मालकाच्या पैशातून जयंतीची कमान उभी राहते तेव्हा पहिली कसोटी मोडते. छोट्या पुरवठादाराच्या मजुरीतून दान निघते तेव्हा दुसरी.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. त्या दिवशी समोर बसलेल्या बहुसंख्य लोकांच्या हातावर पोट होते. तरीही त्यांनी त्यांना लाभार्थी मानले नाही, दाते मानले.

१९६६ साली तैवानमधल्या हुआलिएन गावी भिक्खुणी चेंग येन यांनी ३० गृहिणींना बांबूच्या नळीत रोज बाजारखर्चातले ५० सेंट टाकायला सांगितले. महिन्याची रक्कम एकदम देण्यापेक्षा रोज दिली तर रोज मनात करुणा जागते, असा त्यांचा विचार होता. भाजी घेताना या बायका बोलत गेल्या आणि बाजारात ही गोष्ट पसरली. त्यातून उभी राहिलेली त्झू ची ही संस्था आज जगभर मदतकार्य करते. इथेही बाजार होता आणि छोटी रक्कम होती, पण ठरवणारे हात देणाऱ्यांचे होते.

इंग्लंडमध्ये त्रिरत्न बौद्ध संघाच्या साधकांनी ‘विंडहॉर्स’ हा भेटवस्तूंचा व्यवसाय आणि ‘इव्होल्यूशन’ ही दुकाने सम्यक आजीविका म्हणून चालवली आणि त्यातला नफा धम्मकार्याला दिला. त्याच परंपरेतल्या करुणा ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी तिथे दारोदार फिरून निधी जमवला. महाराष्ट्रातल्या आपल्या अनेक वसतिगृहांना त्यांची मदत झाली आहे. दूर इंग्लंडमधल्या घरांतून हे होते, तर आपल्या बाजारपेठेतून का होऊ नये?

आपल्या वस्तीत काय करता येईल

‘एक वही, एक पेन’ ही चळवळ आपल्याला परिचित आहे. हार-फुले, मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, हे आवाहन चैत्यभूमीपासून गावोगावच्या जयंतीपर्यंत पोहोचले. आता तिच्यात दुकानदार आणि होलसेलर यांना रीतसर जोडता येईल.

समजा विहाराजवळच्या स्टेशनरी दुकानात वही ४० रुपयांना मिळते आणि दुकानदाराला ती ३४ ला पडते. १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात ग्राहकांनी दानासाठी ३०० वह्या घेतल्या. दुकानदाराने या वह्यांवरचे सहा रुपये सोडायचे ठरवले तर १,८०० रुपये होतात, त्यात त्याच्या खरेदीभावाने ५२ वह्या येतात. होलसेलरने दहा डझनांमागे एक डझन वर दिली तर २५ डझनांवर २ डझन, म्हणजे २४ वह्या. एकूण ३७६. दुकानाबाहेर फळा लावावा: ग्राहक ३००, दुकान ५२, होलसेलर २४. कोणाचे किती, हे लपलेले नाही. कोणाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर नाही.

यासाठी काही गोष्टी आधी ठरवाव्यात. दुकानदाराशी एका पानावर लेखी बोलणी करावी. वह्या कोणत्या अभ्यासिकेला जाणार हे आधी सांगावे आणि ते ठरवताना तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावे, कारण कधी वह्यांपेक्षा स्पर्धा परीक्षेची पुस्तके किंवा दिव्याची सोय जास्त गरजेची असते. होलसेलरची जुनी उधारी बाकी असेल तर ती फिटल्याशिवाय त्याच्याकडे दान मागू नये. ग्राहकाला एकदाच विचारावे, नकार हसून स्वीकारावा. महिनाभरात हिशेब विहारात वाचून दाखवावा आणि फळ्यावर लावावा. वाटपाचा फोटो काढायचाच असेल तर हिशेबाच्या फळ्याचा काढावा, मुलांच्या पसरलेल्या हातांचा नको.

मोठ्या दुकानांशी आणि कंपन्यांशी बोलतानाही हेच प्रश्न न्यावेत. पैसे कोणाचे? ते कुठे जावेत हे कोण ठरवते? नाव कोणाचे लागते? ज्यांच्यासाठी पैसा गोळा होतो त्यांचा प्रतिनिधी ठरवणाऱ्यांत असावा, ही आपली अट असायला हवी. मदत घ्यायला हरकत नाही, पण आपलेच दोन रुपये आपल्याला उपकार म्हणून परत मिळू नयेत.

येत्या १४ ऑक्टोबरच्या आधी आपल्या वस्तीतल्या एका दुकानदाराशी आणि त्याला माल देणाऱ्या एका होलसेलरशी बोलून पाहा. दोघे तयार झाले तर फळा आणि खडू घेऊन कामाला लागा.